कॅमेरे कपाटात, बाई कचेरीत

दिनांक २२ ऑगस्ट २०२४, गुरुवार. या दिवशी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सातवीच्या वर्गातले सगळे कॅमेरे काढून घेतले, कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले. ते कॅमेरे मुलांच्या हाती देणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षिकेला त्याच दिवशी अध्यापनातून मुक्त करून ‘छायाचित्र विभागप्रमुख’ असे पद देण्यात आले. मुख्याध्यापक या नेमणुकीला बढती म्हणतात. मी तिला शिक्षा म्हणते, आणि तशी नोंद येथे करून ठेवते.

ही शिक्षिका माझी वहिनी. मी त्याच शाळेत भाषा शिकवते. नणंदेने भावजयीची कड घ्यावी ही गोष्ट आमच्या शिक्षकखोलीला इतकी अघटित वाटते की माझी साक्ष खरे तर दुप्पट वजनाची धरायला हवी होती. प्रत्यक्षात गणिताचे सर एवढेच म्हणाले, “घरचं भांडण मिटलेलं दिसतंय.”

वहिनीच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे आणि कुटुंबांचे फोटो तिथे निघत. हनुवटी वर, खांदे सरळ, इकडे बघा, हसा. लहानपणी ती पडद्यामागे बसून अभ्यास करायची. दिवसभर वेगवेगळी माणसे आत येतात आणि बाहेर जाताना सगळी एकाच चेहऱ्याची होऊन जातात, हे तिने तिथे पाहिले. कॅमेऱ्याचा तिला जन्मभराचा लळा लागला तो तिथेच, आणि ‘इकडे बघा’ या दोन शब्दांचा तिटकाराही.

एका माजी विद्यार्थ्याने शाळेला लहान कॅमेऱ्यांची पेटी भेट दिली, तेव्हा ती पेटी कशासाठी आहे हे कुणाला कळेना. वहिनीने मुख्याध्यापकांच्या मागे लागून ती वर्गात नेली. तिची पद्धत विचित्र होती. एका तासाला एका मुलाने बटण एकदाच दाबायचे. दाबण्याआधी, फोटोत काय दिसेल ते शेजाऱ्याला सांगायचे. काढलेला फोटो कितीही बिघडलेला असो, पुसायचा नाही. जे सांगितले आणि जे आले त्यांत फरक का पडला, याचा शोध हाच तिचा तास.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी छताचा फिरता पंखा टिपला. पाती फरफटलेली आली. वहिनीने ते फोटो छापून मुलांच्या हाती कोनमापके दिली. पाते किती अंशांनी फरफटले ते मोजा, कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी होती ते मी सांगते, आता पंख्याचा वेग काढा. गणिताचे सर दारातून पाहत होते. “हा माझा धडा आहे,” ते म्हणाले. “मग आत या,” वहिनी म्हणाली. ते आले, आणि पुढच्या महिन्यात कॅमेरे मागायला तेच आधी हजर.

इतिहासाच्या तासाला मुलांनी शाळेच्या दगडी जिन्याच्या पायऱ्या टिपल्या. झीज एकाच बाजूला का, यावर तासभर वाद झाला. शेवटी शिपाईमामांनी सांगितले की एके काळी त्या बाजूला पाण्याची टाकी होती आणि सगळी शाळा तिकडे धावत असे. माझ्या तासाला एकाच खुर्चीचा एक फोटो उभ्याने आणि एक जमिनीवर आडवे पडून काढला गेला. मग त्या दोन खुर्च्यांवर दोन परिच्छेद. इतकी वर्षे मी वर्णनात्मक निबंध तपासते आहे, आणि ‘माझी खुर्ची लाकडी व सुंदर आहे’ या वाक्याविना वही पाहण्याचे भाग्य मला त्या वर्षी प्रथम लाभले.

माझा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगे घासतो. जेवताना तो बायकोला म्हणायचा, “माझ्याकडे येणारी माणसं निदान कबूल करतात, की दिसत नाही म्हणून. तुझ्या शाळेत कोण करणार?”

“करतील हो. जरा वेळ लागेल,” वहिनी म्हणायची. तिचा हा भाबडेपणा मला तेव्हाही पटत नव्हता.

ऑगस्टमध्ये संस्थेचे अध्यक्ष शाळा पाहायला आले. वहिनीने सातवीबाहेरच्या भिंतीवर मुलांचे फोटो लावले होते, प्रत्येकाखाली मुलाच्या हस्ताक्षरात त्याचा शोध. अध्यक्षांनी खालचे एक अक्षरही वाचले नाही. ते पंख्यासमोर थांबले.

“हा हललाय.”

“पंखा हलणारच, साहेब,” वहिनी म्हणाली.

मागे कुणीतरी हसले. माझ्या मते अर्धे नुकसान त्या हसण्याने केले. अध्यक्षांनी पुढचा फोटो पाहिला. त्यात चिमणी निसटून केवळ शेपूट उरले होते. त्यापुढे पायऱ्या. “एवढे कॅमेरे, आणि एक फोटो धड नाही,” ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले. “पाहुण्यांना दाखवायचं काय? शेपूट?”

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. त्यांना खरोखरच वाटले की शाळेत कॅमेरे आले ते चांगले फोटो निघावेत म्हणून. मुलांना ते जमत नाही आणि बाईंना जमते, तेव्हा उपाय उघड आहे. कुणी प्रयोगशाळेतली परीक्षानळी मुलांच्या हातून काढून घेऊन सांगावे की आता रसायने फक्त बाई ढवळतील, म्हणजे दिसायला नीट दिसेल, तशातला हा न्याय. वरून अपेक्षा अशी की वहिनीने आभार मानावेत.

ती त्यांच्याकडे गेली. मी सोबत होते.

“सर, सातवीचा एक तास तरी ठेवा. बाकी तुमचे समारंभ मी सांभाळते.”

“बाई, लोक बढतीसाठी खेटे घालतात. तुम्ही परत करायला आलात?”

“मुलांचं अर्धवट राहिलंय.”

“अभ्यासक्रम नवीन सर पूर्ण करतील. काळजी नको.”

नवीन सरांनी तो केला. फळ्यावर कॅमेऱ्याची आकृती काढली, भागांना नावे दिली आणि मुलांकडून उतरवून घेतली. चार गुणांचा प्रश्न. ज्या मुलांनी ती झडप स्वतःच्या बोटाने उघडली होती, त्यांनी आता तिच्याकडे बाण काढून ‘झडप’ असे लिहिले. हे मी वर्गाच्या दारात उभी राहून पाहिले, आणि माझे रक्त अजून निवलेले नाही.

जानेवारीत नव्या प्रवेशांसाठी शाळेचे माहितीपत्रक निघायचे होते. पहिल्या पानावर ‘कॅमेऱ्यातून शिक्षण’ असा मथळा ठरला. वहिनीला हुकूम आला: सातवीची मुले ओळीत, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, चेहरे हसरे. कपाट उघडले. बिघाड नको म्हणून कारकुनाने बॅटऱ्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

मुले अंगणात उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी हाती कॅमेरा आलेला. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने सवयीने शेजारणीच्या कानात सांगितले, बाईंच्या चपला आणि मागची सावली येणार. मग तिने विचारले, “बाई, दाबू?”

“दाब.”

तिने दाबले. पुन्हा दाबले. “बाई, हा मेलाय.”

“माझापण,” दुसरी म्हणाली.

मुख्याध्यापक कडेला उभे होते. “दाबायचं नाहीये, नुसता धरायचाय. चला बाई, सांगा त्यांना. इकडे बघा म्हणावं.”

वहिनीने आपला कॅमेरा गळ्यातून काढला आणि त्यांच्या हातात दिला. “हा फोटो मी नाही काढणार, सर.” आवाज चढलेला नव्हता. मग ती ओळीतून फिरली, प्रत्येक मुलाच्या हातातला कॅमेरा घेऊन तिने पेटीत ठेवला, आणि कचेरीत जाऊन आपल्या टेबलाशी बसली.

माहितीपत्रकातला फोटो पुढे बाहेरच्या फोटोग्राफरने काढला. सुबक आहे. एकही बोट हललेले नाही. पालकांना तो फार आवडल्याचे मुख्याध्यापक सांगतात, आणि माझा खरा राग इथे आहे. पत्रक घरोघर पोचले, मुलांचे हसरे चेहरे कौतुकाने नातेवाइकांना दाखवले गेले, पण यातून तू काय टिपलेस, असे एकाही घरात मुलाला कुणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

आज्ञाभंगाच्या ठपक्यावर संस्थेची सभा मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे. वहिनी शाळेत राहणार की घरी बसणार, हे त्या दिवशी ठरेल. भाऊ म्हणतो, दुकानात ये, भिंगं घास. ती म्हणते, “मला सातवी हवी. तुमची भिंगं नकोत.” मी सभेत बोलणार आहे, पण नणंदेच्या बोलण्याला तिथे किती मोल येईल हे मला ठाऊक आहे.

म्हणून ज्यांची मुले या शाळेत आहेत त्या वाचकांना माझे सांगणे आहे. त्या शनिवारी सभेला या. कॅमेरे बॅटऱ्यांसह मुलांच्या हाती द्या आणि बाईंना सातवीच्या वर्गावर परत पाठवा, एवढीच मागणी उभे राहून करा. आणि ज्यांची मुले दुसऱ्या शाळांत आहेत त्यांनी आपापल्या शाळेत जाऊन मुलांसाठी आलेल्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते पाहावे, आणि कुलूप दिसले तर ते उघडून घेतल्याशिवाय घरी परतू नये.