पक्कीदादांची टाच

परांची बांधणाऱ्याचं काम इमारत पुरी झाली की दिसत नाही. गवंड्याची भिंत राहते, रंगाऱ्याचा रंग राहतो. परांची सोडून ट्रकमध्ये भरली की तिथं कुणी घाम गाळला होता याची खूणही उरत नाही. असं बिनखुणेचं काम पक्कीदादांनी छत्तीस वर्षं केलं. त्यांच्या परांचीवरून एकही माणूस पडला नाही. त्यात नशिबाचा भाग नव्हता. रोज सकाळी पहिला माणूस वर चढण्याआधी दादा एकटे वर जायचे, एकेका फळीवर टाच मारायचे आणि आवाज ऐकायचे. टणक आला की ओरडायचे, "पक्की!" भद्द आला की फळीला लाल चिंधी. नाव पडलं ते तिथूनच.

वहिनी त्याच फळ्यांवरून डोक्यावर घमेली वाहायच्या. लग्नाआधी वर्षभर त्या दादांच्या मागून चालल्या, त्या एका शब्दाच्या भरवशावर. पुढे लग्न झालं, लेक झाली, वहिनी धुलाईच्या कारखान्यात लागल्या. मागून चालणं तेवढं सुटलं नाही. बाजार असो, दवाखाना असो, दादा दहा पावलं पुढे, वहिनी पिशवी घेऊन मागे. दादा वळून बघत नसत. चांगला डांबरी रस्ता, त्यात बघायचं काय?

दादा निवृत्त झाले तेव्हा लेकीनं दोघांना तीन दिवसांच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. बारा महिने पाऊस पडणारं जंगल आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. बॅग भरता भरता वहिनींनी अट घातली.

"तीन दिवस माझ्या बरोबरीनं चालायचं. पुढे गेलात की मी असेन तिथंच बसणार. या शोधत."

"अगं, पण..."

"तेहेतीस वर्षं तुमची पाठच बघतेय. तोंड कसं आहे ते विसरायला झालंय."

"बघण्यासारखं राहिलंय काय आता त्यात?"

"ते मी ठरवीन."

लेक खो खो हसली. वहिनी हसल्या नाहीत, हे दादांच्या लक्षात आलं.

पण जित्याची खोड. बसमधून उतरल्या उतरल्या दादांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि चढ चढून थेट उतरायच्या घराच्या फाटकाशी पोचले. "आलं बघ," म्हणाले. मागे कुणी नव्हतं. परत अर्धा मैल खाली आले, तर वहिनी एका दुकानाच्या पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या.

"मला वाटलं तू मागे आहेस."

"मागेच होते. तुम्हाला कधी कळलंय?" वहिनींनी टरफलं झटकली. "हे एक झालं. पुन्हा झालं तर समुद्र मी एकटी बघणार. तुम्ही बसा खोलीत भिंतीचा ओळंबा बघत."

वहिनी बोललेलं करतात. दादांनी कानाला खडा लावला.

दुसऱ्या दिवशी जंगल. दादा लग्नातल्या नवरदेवासारखे तोलून तोलून पाऊल टाकत होते. पोटऱ्या भरून आल्या. हळू चालणं हेही कष्टाचं काम असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाऊस केव्हाच थांबला होता, पण वरची पानं खालच्या पानांवर पाणी टाकतच होती. एका झाडापाशी दादा थबकले. बुंध्यातून चहूकडे माणसापेक्षा उंच, भिंतीसारखी मुळं निघाली होती.

"बघ, कसे टेकू दिलेत. याला कुणी शिकवलं असेल?"

"मुकादम नसणार," वहिनी म्हणाल्या, "नीट झालंय म्हणजे." आणि सहलीत पहिल्यांदा दोघं एकदम हसले.

पुढे ओढा आणि त्यावर झुलता पूल. दोन बाजूंना तारेचे दोर, मध्ये फळ्या. पाटी लावलेली: एका वेळी एकानेच जावे. बरोबरीनं जायची सोयच नाही. फळ्या पाहताच दादांचा पाय आपोआप उचलला गेला, आणि हवेतच राहिला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"मी जाते पुढे," वहिनी म्हणाल्या.

"ओला आहे पूल."

"मग? ओल्या फळ्या मी पाहिल्या नाहीत?" आणि त्या निघाल्याही.

दादा काठावर. उभ्या जन्मात पहिल्यांदा ते मागे होते. समोर वहिनींची पाठ. डावा खांदा उतरलेला, ओल्या कपड्यांचे गठ्ठे वाहून. डावं पाऊल किंचित ओढत टाकत होत्या. हे कधीपासून? दादांना सांगता आलं नसतं. पूल झुलत होता आणि दादांचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात मधली एक फळी त्यांच्या नजरेत आली. बाकीच्यांहून काळी, कडेला बुरशी.

"टाच मार!" दादा ओरडले.

वहिनी थांबल्या. मागे न बघता टाच मारली. भद्द. दोन्ही दोर घट्ट धरून त्यांनी ती फळी ओलांडली आणि पुढच्या फळीवर टाच मारली. टण्ण.

"पक्की!" जंगलात वहिनींचा आवाज घुमला. मग शेवटपर्यंत तेच. टाच, आवाज, "पक्की!"

त्या पार झाल्यावर दादा निघाले. काळ्या फळीपाशी थांबून दोराला रुमाल बांधला, चिंधी नव्हती म्हणून. बाकी सरळ चालत गेले. एकाही फळीवर टाच मारली नाही.

पलीकडे दगडावर टेकून म्हणाले, "मागून फार लांब वाटतं गं."

"इतकी वर्षं तेच सांगतेय."

"मी पुढे असायचो ते फळी बघायला."

"ठाऊक आहे मला. पण तेव्हा हाक द्यायचात. त्या हाकेवर लग्न केलं मी. मग हाक गेली आणि नुसती पाठ राहिली."

परतल्यावर दादांनी उतरलेल्या घराच्या मालकीणबाईंना फळीचं सांगितलं, आणि ती बदलायला माणूस निघाला तेव्हाच जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी समुद्र. दोघं खांद्याला खांदा लावून ओल्या वाळूवर उतरले. सवयीनं दादांनी टाच मारली. आवाज नाहीच. टाच आत गेली, आणि लाट मागे सरताना खालची वाळूही घेऊन गेली. दादा डगमगले.

"काय झालं?"

"ही काही पक्की नाही."

"मग आता?"

"आता काय? धर." दादांनी हात पुढे केला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं तिथंच उभे होते.

परतीच्या बसला ही गर्दी. बरोबरीनं चढणं शक्यच नव्हतं. दोन्ही बॅगा पुढे धरून दादा वाट काढत दारापर्यंत पोचले. पायरीवर थांबले, टाच मारली आणि मागे वळून मोठ्यानं ओरडले, "पक्की!"

रांगेतली माणसं बघायला लागली. पिशवी सावरत मागून वहिनी म्हणाल्या, "आले, आले. गाव गोळा करू नका."