उजवीकडचा ब्रेक

मोटार जळली की आसपासच्या चार गल्ल्यांतली माणसं त्याच्याकडे यायची. पंप आणा, पंखा आणा, वाइंडिंगवाला वास घ्यायचा आणि कुठलं वेटोळं जळलंय ते न उघडता सांगायचा. हाताचा पक्का, बोलायला मात्र एक नंबरचा कंजूष. तांब्याच्या तारेपलीकडे जगात काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि घात झाला तो तिथेच.

त्याची बायको टेकाडावरच्या शिवणखात्यात कोटांची काजं हातानं भरायची. तिच्यासारखं काज दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे तिथला मालकही कबूल करायचा. चढ मात्र जीव काढणारा. म्हणून त्यानं भंगारातली एक सायकल आणली, पुढच्या चाकात मोटार बसवली, मागे डब्यात बॅटरी. ती वर निघाली की पायी चढणारे बाजूला होऊन बघत राहायचे. मेव्हणी म्हणायची, "दाजी, आमच्या ताईला पंख लावलेत तुम्ही, आता ती काही हाती लागत नाही." तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग एकदा बायको सहज म्हणाली, "शेवटच्या वळणाला दम लागतो हो तिला." सायकलीला ती 'ती' म्हणायची. त्याला एवढं पुरलं. त्यानं मोटार सोडवली, जाड तारेनं पुन्हा भरली, जोर चांगला दीडपट केला. पण आयुष्यभर त्यानं भरलेल्या मोटारी जमिनीला बोल्टनं आवळलेल्या. मोटारीचं बूड कुणी धरायचं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. सायकलच्या चाकातल्या मोटारीला धरायला असतो फक्त पुढचा चिमटा. वाढलेल्या जोराला आवरायला आसाला एक साधी लोखंडी पट्टी हवी होती, वीतभर. ती त्यानं लावली नाही. शेवटच्या वळणावर आस चिमट्यातल्या चिमट्यात फिरला, चाक निखळलं आणि बायको उजव्या हातावर पडली.

हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. सुई धरणं राहिलंच, चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं सावरून घ्यावा लागे. मेव्हणी दीड महिना येऊन राहिली, सगळं घर तिनं सांभाळलं, पण तेवढ्या दिवसांत त्याला एकदाही 'दाजी' म्हणून हाक मारली नाही. "जेवायला वाढलंय," एवढंच. बायको तर काहीच बोलली नाही. तिनं भांडावं, ताट आपटावं, एकदा तरी 'तुमच्यामुळे' म्हणावं, यासाठी तो आसुसला होता. ती म्हणायची, "होतं असं." ते दोन शब्द त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

तेव्हा त्यानं सायकल पुन्हा बांधायला काढली. लोकांच्या मोटारी कोपऱ्यात पडून राहिल्या, गिऱ्हाइकं बोल लावून गेली. याला सोयरसुतक नाही. चिमटा पोलादी घातला. आसाला पट्ट्या लावल्या, एक नाही, चार. बॅटरीतला सेल न् सेल तपासून कमजोर होते ते फेकले, आणि डबा मागून काढून खाली पायडलांच्या मध्ये आणला, तोल राहावा म्हणून. शिवाय सगळं डाव्या हाताला. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्ही एकाच लिव्हरवर, आणि तो दाबला की मोटार बंद. उजव्या मुठीवर नुसता हात टेकायचा. तिथला काढलेला लिव्हर मात्र त्यानं तेल लावून, कापडात गुंडाळून खणात ठेवला. बोटं आज ना उद्या वळतील. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते, हाच आपली समजूत घालत होता.

त्याला काय हवं होतं ते सरळच सांगतो. तिनं त्याच सायकलवर बसावं, तोच चढ चढावा, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन काज भरायला घ्यावं. म्हणजे ते वळण कधी आलंच नव्हतं, असं झालं असतं. चार पट्ट्यांनी हे होईल असं त्या भल्या माणसाला वाटत होतं.

अकरा महिने गेले. "बसून बघतेस?" त्यानं विचारलं, तेव्हा ती नाहीच म्हणेल असं त्यानं धरलं होतं. ती बसली. दारात एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला, आणि "जरा वर जाऊन येते," म्हणून निघाली. तो रस्त्यात उभा राहून वळणाकडे बघत होता. सायकल जराही डगमगली नाही. ती दिसेनाशी झाल्यावर तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि रडला, भर दुपारी, लोक येजा करत असताना.

दिवस कलता कलता ती परत आली. पायी.

"पडलीस?" तिच्या हातापायांकडे बघत त्यानं विचारलं.

"नाही हो. छान चालते. वळण आलं कधी, गेलं कधी, कळलंसुद्धा नाही." ती त्याच्या शेजारी टेकली, चपला काढल्या. "माझ्या खुर्चीवर नवी बाई आहे. माझ्यासमोर तिनं एक काज भरलं. चांगला आहे हात तिचा. मी म्हटलं, द्या बघू इकडे, आणि सुई घेतली."

पुढचं तिनं सांगितलं नाही. उजवा हात मांडीवर पालथा ठेवून ती समोर बघत बसली.

"रोज पायी चढते ती बाई," ती म्हणाली. "आणि मी आता सायकल घेऊन कुठे जाऊ? देऊन टाकली तिला."

त्यानं मान वळवून वर वळणाकडे पाहिलं.

"आजच्या दिवस डाव्या हातानं सांभाळ म्हटलंय तिला. उद्या सकाळी येईल ती. उजवीकडचा ब्रेक परत बसवून द्या. तिचे दोन्ही हात चालतात." ती उठली, चपला हातात घेतल्या, आणि दारात थांबून म्हणाली, "पट्ट्या मात्र काढू नका हो."

ती घरात गेली. तो दुकानात शिरला आणि खण उघडला. लिव्हर शोधावा लागला नाही. अकरा महिने दर आठवड्याला तो त्याला तेल देत आला होता. त्यानं कापड सोडलं आणि लिव्हर सकाळसाठी टेबलावर काढून ठेवला.