टिकणाऱ्यांत धरलेली माणसं

"आमटी कशी झालीय आज?"

मार्च महिना लागला की आमच्या कंपनीतल्या अकाउंट्सच्या मॅडम हा प्रश्न घेऊन कॅन्टीनमध्ये उतरायच्या. एरवी वर्षभर त्या केबिनमध्ये बसून घरचा डबा खात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कांदा. मार्चमध्ये मात्र डबा बंद. हातात कॅन्टीनचं ताट घेऊन त्या रोज वेगळ्या बाकावर बसायच्या, कधी मशीनशॉपवाल्यांत, कधी पॅकिंगच्या बायकांत, आणि पहिला घास घेण्याआधी समोरच्याला आमटीबद्दल विचारायच्या.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. तिथली आमटी कशी असणार? तुम्ही कुठल्याही कारखान्यात जेवला असाल तर मी वर्णन करत बसत नाही. पण एका बाईनं वर्षातला एक महिना त्या आमटीसाठी द्यावा, हे मला सुरुवातीला चमत्कारिक वाटायचं. मी माणसांच्या खात्यात, म्हणजे भरती, रजा, राजीनामे माझ्याकडे. मला वाटलं, बाई कॅन्टीनच्या ठेकेदारावर खार खाऊन आहेत.

पण त्याच्या मुळाशी होता आमच्या साहेबांनी दिलेला एक मोठा शब्द.

साहेब म्हणजे कंपनीचे मालक. हाताखाली दोन माणसं घेऊन सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केलेला माणूस. एका दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर, मशीनवर झेंडूच्या माळा लटकत असताना, त्यांनी जाहीर केलं की कंपनीचे शेअर फक्त केबिनवाल्यांना नाही, शॉपफ्लोअरवरच्या कायम कामगारांनाही मिळतील. चार वर्षं टिकायचं. टिकला की अगदी नाममात्र पैसे भरून शेअर आपल्या नावावर करून घ्यायचे. मधेच सोडून गेलात तर काही नाही. टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले, आणि सगळ्यांना पत्रं देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या ताळेबंदाच्या वेळी साहेब हातात कागद घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी तिथेच होतो.

"मॅडम, हा शेअरचा खर्च कसला टाकलाय? मी तर कुणाला रुपया दिलेला नाही अजून."

"रुपया नाही दिला, शब्द दिलाय ना?"

"पण तो तर चार वर्षांनी..."

"चार वर्षांनी शेअर जातील, साहेब. काम तर ती माणसं आत्ता देतायत. ते काय फुकट आलं?"

मग त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, बाई आता घाई करणार नाहीत. त्या म्हणाल्या, शब्द ज्या दिवशी दिला त्या दिवसाचीच त्याची किंमत धरायची. पुढे शेअरचा भाव वर जावो नाहीतर गडगडो, दिलेल्या शब्दाची किंमत बदलत नाही. ती किंमत चार वर्षांवर पसरायची, कारण माणूस ती चार वर्षं राबून फेडतो. आणि दरवर्षी बघायचं की यातले किती जण शेवटपर्यंत राहतील. जे जातील असं वाटतं त्यांचा खर्च धरायचा नाही.

"हे कसं कळणार?" साहेब म्हणाले. "कोण जाणार हे त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नसतं."

मॅडम नुसत्या हसल्या. मला मात्र त्या क्षणी आमटी आठवली.

इतर कंपन्या मागच्या काही वर्षांची सरासरी काढतात आणि मोकळ्या होतात. मॅडमही ती काढायच्या. पण नुसत्या सरासरीवर त्यांचं समाधान होत नसे. त्यांचं म्हणणं, जो कामगार आमटीला नावं ठेवतो, डाळ कुठे बुडाली म्हणून आचाऱ्याशी भांडतो, तो राहणार. त्याला उद्याही इथेच जेवायचंय. आणि ज्यानं नावं ठेवायचं बंद केलं, जो "छान आहे की" म्हणतो, तो मनानं कधीच गेट ओलांडून गेलेला असतो.

मी हे हसण्यावारी नेलं. तेव्हा आमच्याकडे तपासणी विभागात एक जण होता, मिठावरून रोज महाभारत करणारा. त्यानं नुकताच पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केला होता. माझ्या मते हा माणूस म्हणजे कंपनीचा खांब. त्या मार्चमध्ये मॅडम त्याच्या समोर बसल्या आणि परत येताना माझ्या टेबलाशी थांबल्या.

"गेले हो तुमचे ते," त्या म्हणाल्या. "आखाजीच्या आत कागद येईल तुमच्याकडे."

"शक्यच नाही. त्याचा फ्लॅट..."

"दोन वेळा आमटी घेतली त्यांनी. काही बोलले नाहीत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मॅडम कळवणच्या, त्यांच्या बोलण्यात तिकडचे सण यायचे. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. चाकणला मोठ्या पगारावर चालला होता, फ्लॅट भाड्यानं देणार होता. मी राजीनामा हातात घेऊन मॅडमच्या केबिनच्या काचेतून आत पाहत राहिलो. त्या शांतपणे भाकरीवर ठेचा पसरत होत्या. त्या दिवसापासून मी या बाईला मनातल्या मनात नमस्कार घालायला लागलो.

"तुम्ही काय धरलंय माझ्याबद्दल?" मी एकदा धीर करून विचारलं.

"भाऊ, तुम्ही आमटीला शिव्या देता तोवर मला तुमची काळजी नाही."

आता आमच्या लोकांनी त्या पत्रांचं काय केलं ते सांगायला हवं. कुणी देवघरात ठेवलं, कुणी लॅमिनेट करून घेतलं. पण कमाल केली हरसूलकडच्या एका पोराच्या वडिलांनी. पोरगा आमच्याकडे सीएनसी मशीनवर, कामाला एक नंबर, पण फार अबोल. त्याच्यासाठी मुली बघत होते. वडिलांनी लग्नाच्या बायोडाटात छापलं, "नाशिक येथील कंपनीत भागीदार."

इगतपुरीच्या बाजूचं स्थळ आलं. मुलीचा बाप व्यवहारी. तो बोलणी करायला पोराच्या घरी गेला नाही, तडक आमच्या गेटवर आला. रखवालदारानं त्याला माझ्याकडे पाठवलं.

"पोरगा पार्टनर हाय म्हनून लिवलंय," तो खुर्ची न घेता म्हणाला. "त्याची केबिन कंची, तेवढी दावा."

पोराला बोलावलं. तो ग्रीसचे हात पाठीमागे लपवून उभा राहिला. "बापानं लिवलं ते. मला नाय ठाव," एवढंच म्हणाला आणि लालबुंद झाला. स्थळ तर मोडलंच, वर पोराची बदनामी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी पाहुण्यांना आणि पोराला मॅडमकडे नेलं.

त्यांनी चहा मागवला. चष्मा काढला.

"भागीदार झालेला नाही, होणार आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षं टिकला की शेअर त्याचे. मधे गेला तर काही नाही. लिहिणाऱ्यानं थोडी घाई केली, पण खोटं नाही लिहिलं."

मुलीच्या बापानं चहा बशीत ओतला, फुंकर घालून प्याला आणि विचार करून म्हणाला, "पन टिकंल का नाय, ते कोन सांगनार?"

"मी सांगते. ते माझं कामच आहे. मी त्याला टिकणाऱ्यांत धरलाय."

बापानं त्यांना नीट निरखलं. मुलामुलींसाठी स्थळं बघत माणसांची पारख करण्यात ज्यांचा जन्म जातो, त्यांना खरं माणूस समोर आलं की कळतं. बशी खाली ठेवून तो उठला आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेला. लग्नात मॅडमना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पोराकडच्यांनी नाही, मुलीकडच्यांनी.

मग आलं ते वर्ष. साहेबांना नवा प्लांट टाकायचा होता आणि मुंबईचा एक गुंतवणूकदार पैसे लावायला तयार होता. त्याच्या वतीनं एक सल्लागार आला. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यानं सगळं पाहून सांगितलं की नफा आणखी चांगला दिसायला हवा, आणि शॉपफ्लोअरवाल्यांना दिलेले शेअर हा फुकटचा बोजा आहे. अजून मुदत भरलेली नाही, ती योजना आत्ताच रद्द करावी. केबिनवाल्यांची तेवढी ठेवावी.

 साहेबांची इच्छा नव्हती, पण नव्या प्लांटचा नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि त्यांची नजर राहून राहून तिकडे जात होती.  पत्रं माझ्या सहीनं गेली होती. ती परत मागायला कुठल्या तोंडानं जायचं? त्या हरसूलच्या पोराच्या सासऱ्याला काय सांगायचं?

"रद्द केली की खर्च थांबेल," सल्लागार म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला.

"थांबणार नाही. पुढच्या वर्षांवर जेवढा पसरायचा बाकी आहे, तेवढा सगळा याच वर्षी घ्यावा लागेल."

सल्लागारानं प्रामाणिकपणे मान डोलावली. "हो. नियम तसाच आहे. माझ्या ध्यानात नव्हतं."

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "शब्द पाळला तर तो थोडा थोडा पडतो. मोडला तर सगळा एकदम अंगावर येतो. हे मी नाही म्हणत, हिशेबाचा नियम म्हणतो."

साहेबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. "यंदा सोसू एकदम. पुढं तरी सुटेन ना? तुम्ही सांगा मॅडम, काय करू?"

"ते मी कशी सांगणार? मी खाली त्या सगळ्यांबरोबर जेवले. कोण टिकेल, कोण जाईल, सगळ्यांचा अंदाज बांधला. एक तुमचा तेवढा राहिला होता. तुम्ही टिकणार का, एवढं सांगा, म्हणजे तसं लिहिते."

 मालकाला असं कुणी बोलतं? तेही इतक्या हळू आवाजात, जराही न चिडता? मी आजवर खूप सभा पाहिल्या, पण त्या बाईंइतकं उंच माणूस मी खुर्चीत बसलेलं पाहिलेलं नाही. साहेबांनी उठून भिंतीवरचा नकाशा काढला, गुंडाळी केली आणि म्हणाले, "टिकणाऱ्यांत धरा."

गुंतवणूकदार आला नाही. नवा प्लांट लांबला, त्या दिवाळीला बोनस बेताचा झाला, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर शॉपफ्लोअरवाल्यांनीच केली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही तिघांनी ते कधी सांगितलं नाही. मॅडम म्हणाल्या, "करू द्या कुरकुर. चांगलं लक्षण आहे."

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. डेंग्यू निघाला. आज कमी आहे, उद्या सुट्टी देतील, असं म्हणता म्हणता एका सकाळी रुग्णालयातून त्यांच्या बहिणीचा फोन आला आणि सगळं संपलं. चार वर्षं पुरी व्हायला अजून वर्षाहून जास्त काळ उरला होता.

त्यांच्या जागी एक नवे गृहस्थ आले. मार्चमध्ये ते माझ्याकडे आले. शेअरच्या खर्चात एक रक्कम एकदम उसळलेली दिसते, ती कशामुळे, असं त्यांनी विचारलं. कुणाची ते मला पाहताक्षणी कळलं. कायद्यानं, माणूस नोकरीत असताना गेला तर त्याला दिलेले सगळे शेअर त्याच घडीला वारसाच्या हक्काचे होतात, आणि त्यांचा उरलेला खर्च एकदम पडतो. मी तेवढंच सांगणार होतो. पण "एकदम" म्हणताना मला रडू फुटलं. भल्या माणसानं दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आधी मॅडम भागीदार झाल्या.

वारस म्हणून त्यांनी वडिलांचं नाव दिलं होतं. सह्या घ्यायला साहेब आणि मी कळवणला गेलो. वडील थकलेले, पण ताठ. अंगणात खाटेवर बसून त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, सह्या केल्या. शेअरचे भरायचे जे थोडे पैसे होते ते साहेब स्वतः भरणार होते. म्हाताऱ्यानं हातानंच नको म्हटलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढून दिल्या.

मग माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "तू तो माणसांच्या खात्यातला शे ना? आमटीला शिव्या देनारा?"

मी हो म्हणालो.

"ती घर ये तवय तुमनी आमटीनीच गोष्ट सांगे. आजून तशीच पाणचट शे का?"

मॅडम घरी आल्या की आमच्या आमटीचीच गोष्ट सांगत, ती अजून तशीच आहे का, हे म्हातारा सहज विचारतोय असं साहेबांना वाटलं. पण मला तो प्रश्न सहज वाटला नाही. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं माझ्या खिशात होतं. मॅडम गेल्यापासून माझं मन लागत नव्हतं. आणि गेले कित्येक दिवस मी कॅन्टीनमध्ये खाली मान घालून, अवाक्षर न काढता, समोर येईल ते जेवत होतो. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात येणारं माणूसच नव्हतं.

म्हातारा उत्तराची वाट पाहत होता. त्याचे डोळे अगदी मॅडमसारखे होते.

"हो बाबा," मी म्हणालो. "फारच पाणचट."

"मंग बरं शे," ते म्हणाले आणि आमच्यासाठी चहा ठेवायला सांगायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅन्टीनमध्ये वाटीभर आमटी घेतली, ढवळून पाहिली, आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात आचाऱ्याला हाक मारली.