ग्रॅमभाऊची गोळ्यांची पिशवी

माझी बायको ज्या वजनकाट्यावर पीठ मोजते, त्याच काट्यावर तिचा धाकटा भाऊ स्वतःचे पायमोजे ठेवतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. धुतलेले आहेत, असं तो म्हणतो. वास काही वेगळंच सांगत होता. मोज्यांनंतर चड्ड्या आल्या आणि त्यानंतर दांडा अर्धा कापलेला दात घासायचा ब्रश. तेवढंच वजन कमी म्हणे. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि उठलो.

हा माझा मेव्हणा धंद्यानं फरशी बसवणारा. आमच्या घरातली फरशीही त्याचीच, आणि इतक्या वर्षांत तिचा एक कोपरा वर आलेला नाही, एवढं मात्र मान्य करावं लागेल. लग्न केलं नाही, व्यसन केलं नाही, उभा जन्म दुसऱ्यांच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर काढला. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा काम सोडून तो आमच्याकडे राहायला आला. त्या दिवशी त्यानं गुडघ्यांना बांधायच्या रबरी गाद्या दारातच टाकल्या.

"ताई, या फेकून दे," तो म्हणाला. "आयुष्यभर लोकांच्या घरात रांगलो. आता उभ्यानं चालणार."

हिला रडू आलं. गाद्या हिनं फेकल्या नाहीत, माळ्यावर टाकल्या. मला वाटलं, आता संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या मारेल, बाकावर बसून पेपर वाचेल. कसलं काय. साहेबांनी धरली ती डोंगररांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी पायवाट. दरवर्षी तिचा एकेक तुकडा, पाठीवर पिशवी टाकून, आठवडेच्या आठवडे. राहिला होता तो शेवटचा तुकडा, मोठी खिंड ओलांडून थेट समुद्रापर्यंत. तो पार केल्याशिवाय त्याला चैन नव्हतं, आणि म्हणून आम्हालाही नव्हतं.

ही चालणारी मंडळी एकमेकांना टोपणनावानं ओळखतात. वजनाच्या वेडापायी आमचा मेव्हणा झाला ग्रॅमभाऊ. बरोबर एक शिट्टी, म्हणजे चढावर शिट्टी वाजवणारा निवृत्त कारकून, आणि एक मावशी, म्हणजे शिवणकाम करणारी धिप्पाड बाई. निघायच्या आधी तिघांची बैठक भरली ती माझ्या बैठकीच्या खोलीत. विषय होता गुडघे.

मेव्हण्यानं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. गुडघ्यातली गादी झिजलीय. दुखण्याची गोळी कधीमधी चालेल, तीही जेवल्यावर. रोज घेतली तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावरही ताण येतो.

"धोका आहे, मान्य," शिट्टी म्हणाला. "पण गुडघा धरून खिंडीत बसलास, तर तोही धोकाच की. त्यापेक्षा दुखायच्या आधीच गोळी घ्यायची. म्हणजे दुखणं येतच नाही."

"माझ्या ओळखीचा एकजण कित्येक वर्षं रोज घ्यायचा," मावशी म्हणाली. "काही झालं नाही त्याला."

"कुठे असतो तो?" मी विचारलं.

"वारला. पण हार्टनं."

तिघंही पोट धरून हसले. हसता हसता शिट्टी टाचेची मेलेली कातडी सोलत होता आणि सोललेले तुकडे माझ्या बशीत ठेवत होता. माझ्या बशीत. त्या बशीतून मी पुन्हा चहा प्यायलेलो नाही.

मेव्हण्यानं मात्र खूप विचार केला. फरशीचा उतार बघताना करतो तसे डोळे बारीक केले. "डॉक्टर म्हणतात रोज नको," तो म्हणाला. "पण आपण रोज कुठे चालतो? वर्षातून एकदाच तर चालतो."

"मग जाऊच नका," मी म्हणालो. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे.

मग त्यांचा नेहमीचा विधी सुरू झाला. मेव्हण्यानं आणि शिट्टीनं आपापल्या गोळ्या चटईवर ओतल्या. खोकी फाडली, पत्र्याच्या पाकिटांतून गोळ्या टचाटच बाहेर काढल्या. गोळी वाहायची, पत्रा कशाला वाहायचा? सगळ्या गोळ्या एकाच चिमुकल्या पिशवीत गेल्या, आणि पिशवी ग्रॅमभाऊकडे, कारण तो काटेकोर. पांढरी गोल त्याची स्वतःची, ती गुडघ्यांसाठी. पिवळी शिट्टीनं आणलेली, ती अंगदुखीसाठी. नावं लक्षात ठेवायची कुणालाच गरज वाटली नाही. खोकी आणि पाकिटं माझ्या कचऱ्याच्या डब्यात पडली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीतून गेली.

ते निघाले, आणि घराला जरा बरा वास येऊ लागला. दोनेक आठवडे झाले असतील, तेवढ्यात खिंडीच्या पायथ्याच्या गावातून मावशीचा फोन आला. ग्रॅमभाऊला रक्ताची उलटी झालीय, दवाखान्यात ठेवलंय, या.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा तो चुन्यासारखा पांढरा पडून होता आणि हाताला रक्ताची नळी होती. शिट्टी दारातच भेटला. जणू हवामान सांगावं तसं त्यानं सांगितलं, "काही दिवस त्याला संडासला काळं होत होतं. डांबरासारखं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलंत?"

"पाहावं लागतं. डोंगरात पोटावर लक्ष ठेवावंच लागतं. मावशी म्हणाली, काहीतरी काळं खाण्यात आलं असेल."

म्हणजे ही शहाणी माणसं त्या घाणीभोवती उभी राहिली, तिच्यावर चर्चा केली, आणि पाठीवर पिशव्या टाकून पुढे चालू लागली. मला ओकारी आली. घाणीनं नव्हे, त्या चर्चेनं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कुठल्या? शिट्टीनं पिशवी पुढे केली. बाईंनी ती हातावर उलटी केली. एकमेकींवर घासून गोळ्यांचा निम्मा भुगा झाला होता. त्यात मोज्यांची लव होती आणि कुणाचं तरी कापलेलं नख.

"पांढरी गुडघ्यांची, पिवळी अंगदुखीची," शिट्टी म्हणाला.

"मी नावं विचारतेय. पाकिटं कुठे आहेत?"

मेव्हण्यानं डोळे उघडले. "त्यांचं वजन होतं," तो म्हणाला.

मग फोनाफोनी. हिनं आमच्या औषधवाल्याला विचारलं, शिट्टीनं घरी बायकोला. दोन्ही नावं कळल्यावर बाईंनी आधी शिट्टीकडे पाहिलं, मग खाटेवरच्या माणसाकडे. "अहो, या दोन्ही गोळ्या म्हणजे एकच औषध आहे. कंपनी वेगळी, म्हणून रंग वेगळा. तुम्ही रोज दुप्पट घेत होता. पोटातली जखम फुटलीय, मूत्रपिंडंही मंदावलीत. यापुढे या जातीची गोळी तोंडात घालायची नाही. गुडघा दुखला तर दुखू द्यायचा."

"मग खिंड?" मेव्हण्यानं विचारलं. जगेन का, हे नाही विचारलं. बाई पुढच्या खाटेकडे वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शिट्टी आणि मावशी निरोप घ्यायला आले. हवा बिघडायच्या आत त्यांना खिंड गाठायची होती. शिट्टी घुटमळला. त्याची नजर खाटेशेजारच्या टेबलावर होती.

"ग्रॅमभाऊ, ती पिशवी... तुला आता चालणार नाहीतच ना त्या. माझा डावा गुडघा कालपासून ठणकतोय."

आणि आमच्या या महापुरुषानं पिशवी उचलली, सवयीनं तळहातावर तिचं वजन बघितलं आणि त्याच्यापुढे धरली.

माझी बायको उभ्या आयुष्यात कुणाशी वरच्या आवाजात बोललेली नाही. तेव्हाही बोलली नाही. तिनं मधेच पिशवी काढून घेतली, खाटेखालचं भांडं पायानं पुढे ओढलं आणि सगळ्या गोळ्या त्यात ओतल्या. भांडं रिकामं नव्हतं. शिट्टीनं वाकून आत पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, वरच्या एकदोन कोरड्या राहिल्यात का, हाच विचार त्याच्या तोंडावर होता. मग तो गेला. मावशी त्याच्या मागोमाग गेली.

मूत्रपिंडं बरीचशी सावरली. मेव्हणा आमच्या मागच्या खोलीत परत आला. अंगात रक्त नाही आणि गोळी बंद, त्यामुळे इतकी वर्षं दाबून ठेवलेलं दुखणं एकदम वसुलीला आलं. उभं राहिलं की गुडघा दगा द्यायचा. मी हात पुढे करायचो, तो घ्यायचा नाही.

परवा दुपारी शिट्टीनं फोटो पाठवला. तो आणि मावशी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे, दात काढून हसताहेत. मेव्हण्यानं फोटो बराच वेळ पाहिला आणि फोन पालथा घातला.

"ताई, त्या गाद्या फेकल्यास?" त्यानं विचारलं.

हिनं माळ्यावरून काढून दिल्या. त्यानं खाटेवर बसूनच दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळले, हात टेकून खाली उतरला आणि रांगत न्हाणीघराकडे निघाला. मी दारात उभा होतो. त्या शिट्टीची, त्या पिशवीची, बशीतल्या कातडीचीसुद्धा मला पुन्हा एकदा मनापासून किळस आली. त्याची नाही आली. त्याच्याकडे बघवेना, एवढंच.

माझ्या पायाशी आल्यावर तो थांबला. बोटाच्या पेरानं त्यानं एक फरशी वाजवली, शेजारची वाजवली, पुन्हा पहिली वाजवली.

"दाजी," तो मान वर न करता म्हणाला, "ही आतून पोकळ झालीय. पाय जपून ठेवा."