गाईच्या पोटातली तार

उभ्या, जिवंत गाईचं पोट उघडलेलं मी पाहिलं, तेव्हा मी तिथे साक्षीदार म्हणून उभी होते. माझं म्हणणं आता सिद्ध होणार, अशी माझी खात्री होती. विद्यापीठाचा नवा खुराक गाई मारतोय, हे माझं म्हणणं.

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चिंचवडजवळच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. युनियनची, सभांची, जयंतीची पत्रकं त्यांच्या खिशातून निघायची आणि त्यांवर बोट फिरवत मी अक्षरं शिकले. त्यामुळे कुठेही काही वाईट घडलं की त्याला कुणीतरी जबाबदार असतो आणि त्याला मोठ्या टायपात जाब विचारायचा असतो, हे मी फार लवकर शिकले. तो कुणीतरी आपल्या घरातला असू शकतो, हे मात्र त्या पत्रकांत कुठे छापलेलं नव्हतं.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या एका गुरांच्या डॉक्टरांनी चिखलीकडच्या काही गोठ्यांवर अभ्यास सुरू केला. संकरित गाई काय खातात, दूध किती देतात, आजारी का पडतात. नोंदी ठेवायला लिहितं-वाचतं माणूस हवं होतं, ते काम मला मिळालं. रोज सकाळी खुराकाचं वजन करायचं, दूध मोजायचं, गाय रवंथ करते का ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. आई त्याच गोठ्यांना गवत पुरवायची. ती भारा दाराबाहेर टाकायची, आत तिला कुणी बोलवत नसे. मी मात्र तक्ता काखेत धरून थेट गव्हाणीपर्यंत जायचे. याचा मला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या सगळ्यात जवळचा गोठा वडिलांच्याच कंपनीतल्या एका कामगाराचा होता. जुन्या गावातला माणूस, शिफ्ट करून तीन गाई सांभाळायचा. डॉक्टरांनी दिलेला नवा खुराक सुरू झाला आणि महिन्याभरात त्याची पहिली गाय गेली. खाणं सोडलं, पाठीला कमान आली, उतारावर पाय टाकताना कण्हायला लागली. मग दुसरी, अगदी तशीच. माझ्या तक्त्यात दोन्ही मरणांच्या आधी एकच नवी गोष्ट होती: खुराक.

मी डॉक्टरांना विचारलं नाही. पत्रक लिहिलं. 'गरिबाच्या गोठ्यात प्रयोग, गरिबाच्या गाईचं मरण' असा मथळा दिला, युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइल करून घेतलं आणि गोठ्यागोठ्यांत वाटलं. गोठेवाल्यानं एक प्रत गव्हाणीवरच्या भिंतीला चिकटवली. चार गोठ्यांनी डॉक्टरांना दार बंद केलं.

आणि मग त्याची तिसरी गाय कण्हायला लागली. गाभण होती. एवढी एकच उरली होती.

डॉक्टर सायकलवरून आले. गोठेवाला दारात आडवा उभा राहिला.

"सायेब, दोन खाल्ल्या तुमच्या पेंडीनं. आता हिला हात लावायचा न्हाई."

"नाही लावत. उद्या-परवा ही जाईल, मग तुम्ही पाय धरून ओढालच," डॉक्टर म्हणाले. "मला पोट उघडून बघू द्या. पेंडीनं असेल तर तुमच्या भिंतीवरच्या कागदाखाली मी सही करतो."

गोठेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "काय गं, तू सांग. तूच लिवलंय."

"बघू दे त्यांना," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर बघू दे."

डाव्या कुशीवरचे केस काढले, सुया टोचून जागा बधिर केली आणि डॉक्टरांनी उभा छेद घेतला. गाय दाव्याला उभीच होती. पापण्या मिटत होती, उघडत होती. कातडं, मग मांस, मग आतलं मोठं पोट. त्यातून वाफ निघाली आणि आंबलेल्या गवताचा वास गोठाभर पसरला. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. गालफड गाईच्या कुशीला टेकवून, डोळे मिटून ते आत चाचपत होते.

"पुढे जाळीसारखं पोट असतं," ते तसेच बोलत होते. "जड वस्तू तिथे जाऊन बसते. गाय चावून बघत नाही, जिभेनं ओढते आणि गिळते. समोरच काळीज असतं... थांबा. सापडलं."

हात बाहेर आला. बोटांत बोटाच्या पेराएवढी तार होती.

"इकडे धर," म्हणून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. ऊबदार होती. बारीक तार, दोन्ही टोकं तिरकी कापलेली, मध्ये पीळ. मी पीळ बघितला आणि तार उलटवून पुन्हा बघितली. गोठेवाला काहीतरी विचारत होता, ते ऐकूच येईना.

मी डावखुरी आहे. माझ्या हातचा पीळ उलट्या बाजूला बसतो. आमच्या घरात दुसरं कुणी डावखुरं नाही.

आई गवताच्या पेंढ्या गवताच्याच बंदानं बांधायची. तिच्या भाऱ्यात न मावलेल्या पेंढ्या वडील सायकलला लावून शिफ्टला जाता जाता गोठ्यावर टाकायचे आणि खड्ड्यांत बंद सुटून निम्मं गवत रस्त्यावर पडायचं. खोक्यांच्या पॅकिंगची टाकाऊ तार घरी पडलेली असायची. तिनं पेंढी बांधायची युक्ती माझी होती. उन्हाळाभर मीच बांधत होते. गोठेवाला तार सोडून गवत कुट्टीच्या यंत्रात घालायचा. पण शिफ्टची घाई असली की अख्खी पेंढी आत जायची आणि यंत्र गवताबरोबर तारही कापायचं.

मी तेव्हा गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. तारेवर नाव नव्हतं. पण उद्याच्या पेंढ्या घरी बांधून तयार होत्या.

"ही आमची तार आहे," मी म्हणाले. "मी बांधलेली."

गोठेवाल्यानं आधी तारेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे. डॉक्टर पोट शिवत होते, दोरा ओढल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे त्या दोघीबी?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "त्यांची पोटं उघडली असती तर कळलं असतं."

"शिकल्याली पोर," गोठेवाला एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी पत्रक काढायला भिंतीकडे गेले, तसा त्यानं हात आडवा घातला. "ऱ्हाऊ दे. तुझंच हाय न्हवं? रोज वाच."

घरी आईला सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून खाली बसली. मग उठली, कोपऱ्यात रचलेल्या पेंढ्यांच्या तारा एकेक करून सोडायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस इथं. मोजून घे. एक बी ऱ्हाता कामा नये." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गोठ्यागोठ्यांत जाऊन टाकलेली प्रत्येक पेंढी सोडली. त्या दिवशी आई पहिल्यांदा गोठ्यांच्या आत गेली.

तक्त्यात 'कारण' असा रकाना होता. तिथे मी लिहिलं: तार, आमच्या घरची. डॉक्टरांनी ते खोडलं नाही.

चार दिवसांनी गाय रवंथ करायला लागली आणि पुढे नीट व्यायलीही. आई पुन्हा गवताच्या बंदानं पेंढ्या बांधू लागली. गोठेवाल्यानं गवत घेणं थांबवलं नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं तो आमची प्रत्येक पेंढी दारातच, आईसमोर सोडायचा, गवत झटकून बघायचा आणि मगच आत न्यायचा. आई हात बांधून उभी असायची. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि मला तिच्या शेजारी उभं राहणं कधी जमलं नाही.