आडनाव विचारणारा रूम पार्टनर

डेटिंग ॲपवर जाऊन बहिणी गोळा करणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा रूम पार्टनर आहे. मी मारेगावकडचा, तो बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचा. दोघांच्याही घरात कॉलेजात आलेले आम्हीच पहिले, त्यामुळे वर्गातल्या मुलींशी बोलताना दोघांनाही घाम फुटतो. मी तो नाद सोडला, त्याने ॲप घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तांड्यात पाह्यलं तं सगळ्या बहिणी, भाच्या, नाहीतं काक्या. कॉलेजात बोलाची हिंमत नाही. मंग माणसानं बोलावं कुठं बे?"

ॲपसुद्धा तो मुलगी पाहायला आल्यासारखं वापरतो. आधी तोंड धुतो, भांग पाडतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि मग खाटेवर ताठ बसून फोन उघडतो. "कायले नटून राह्यला? तिले दिसते का?" मी विचारलं. "तिले नाही दिसत, पण मले तं माहीत असते ना!" स्वतःच्या माहितीत त्याने लिहिलं होतं : स्वभाव शांत, विहिरीला बारमाही पाणी, दुचाकी मामाची.

खरी गंमत आडनावाची. तो राठोड, आणि त्यांच्यात राठोडाला राठोड म्हणजे भाऊ-बहीणच. ॲपवर तर नुसतं नाव दिसतं. म्हणून कोणी जुळली की हा नमस्काराच्या आधी आडनाव विचारायचा. बऱ्याच जणी तिथूनच पळायच्या. एक राठोड निघाली, तेव्हा याने लगेच माफी मागितली आणि तिच्या परीक्षेची चौकशी केली. राखीपौर्णिमेला तिची राखी पोस्टाने आली आणि पाठोपाठ मेसेज : "भिया, ॲपवर जरा सांभाळून." पुढे अशा आणखी दोन बहिणी झाल्या.

यंदा मात्र नर्सिंग शिकणारी एक मुलगी जुळली. ती वॉर्डातले किस्से लिहायची आणि हा खाटेवर एकटाच हसायचा. महिना झाला तरी आडनाव विचारेना.

"विचार ना बे," मी म्हणालो.

"अन् राठोड निघाली तं?"

त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

शेवटी बस स्टँडजवळच्या ज्यूसच्या दुकानात भेट ठरली. हिमतीसाठी त्याने मला शेजारच्या टेबलावर बसवलं. दोन ग्लास पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं... आडनाव?"

"घ्या! बाकीचे पयले आडनावच विचारतात. तुम्ही नाही विचारलं, म्हणून तं मी बोलून राह्यली होती."

"तरी सांगा."

"गावंडे."

तो खुर्चीतून उठलाच आणि माझ्याकडे वळला. "गावंडे हाय बे! बहीण नाही!" सगळं दुकान वळून पाहू लागलं. तिने ओढणीत तोंड लपवलं, पण खांदे हसून हसून हलत होते.

मीही हसलो. गावंडे म्हणजे आमच्या जातीतलीच. अशा घरात तांड्यावरच्या मुलाचं नाव निघालं की जेवताना सगळ्यांचे हात कसे थांबतात, हे मला ठाऊक आहे. त्याच्या मनात आजवर एकच भीती होती, आणि ती आत्ताच गेली होती.

"चांगलं झालं ना बे?" त्याने मला विचारलं.

"चांगलंच झालं," मी म्हणालो. ते मी मनापासूनच म्हणालो. मग मी माझा ज्यूस मुद्दाम हळूहळू प्यायलो. मी उठलो असतो, तर त्यांनाही उठावं लागलं असतं.