पाणी रुसलंय म्हणणारे सर

टाकीत ते पेनाएवढं यंत्र बुडवायचं, डोळे मिटायचे आणि कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा सुरात म्हणायचं, "पाणी रुसलंय."

हे आमचे सर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला यंत्र, आणि चूक कधीच स्वतःची नाही.

मुरूडजवळच्या आमच्या गावात बचतगटाच्या बायकांनी शेड उभारून मातीवाचून, नुसत्या पाण्यावर लेट्यूस लावलं होतं. हॉटेलवाले घेतात. पाण्यात खतं विरघळवायची आणि पाणी जरासं आंबट राखायचं. त्या आंबटपणाचा आकडा म्हणजे पीएच; आंबटपणा वाढला की हा उतरतो, आणि सरांचं यंत्र तोच दाखवायचं. तो बिघडला की समोर खत असूनही रोपं उपाशी. हे शिकवायला सर अलिबागहून यायचे.

आणि मी? नुकतीच निवृत्त झालेली शाळेतली बाई, गटाची अध्यक्ष. सर येणार म्हणून ठेवणीतली साडी नेसून त्या घामट शेडमध्ये उभी. सर म्हणाले "रुसलंय", की माझी मान डोललीच! जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेली ही बया. आता आठवलं की तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

आकडा चढला की सर अॅसिड ओतायला लावायचे, उतरला की क्षार. सकाळी हे, दुपारी ते. जुलाबाचं आणि बद्धकोष्ठाचं औषध एकाच दिवशी घेतल्यासारखी रोपं पिवळी पडली.

मग सरांना गुन्हेगार सापडला. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पाणी ढवळणारी ती सविता... अडचणीच्या दिवसांतही येते का? लोणचं नाही का नासत?"

मी मान डोलावली. सविता त्या दिवसांत घरी बसू लागली, मजुरीवर पाणी सोडून. पाणी रुसायचं थांबलं नाही. तेव्हा सर म्हणाले, "तिला कायमचंच बंद करा."

सविताचं घर त्या शेडवर चालायचं. हे कानावर गेलं तरी ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, माज्या हातानं पाणी नासतं व्हय?"

पाण्याला हात लावला म्हणून आमच्या माणसांना काय काय सोसावं लागलं, ते आजीनं मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. तिची नात मी!

पुढच्या खेपेला मी सरांपुढे दोन पेले ठेवले. "हा सविताचा हात लागण्याआधीचा. हा नंतरचा."

पहिल्यात यंत्र बुडवलं. "उत्तम." रुमालानं पुसून दुसऱ्यात. डोळे मिटले. "रुसलंय! बघा मॅडम."

"सर, दोन्ही पेले मी आत्ताच एकाच टाकीतून भरले. सविता कालच आगरदांड्याच्या फेरीबोटीनं पलीकडे दिघीला माहेरी गेलीय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मॅडम, तुमची...?"

"माझी कधीच थांबली. तुमचं काय?"

बायका अशा हसल्या की शेडचा प्लास्टिकचा कागद फाटायचा बाकी राहिला. सर मात्र चहा संपवून गेले, बशीत सांडलेलासुद्धा. मला क्षणभर दया आली. आवरली.

मग आम्ही नवं यंत्र आणलं. डबीतल्या कागदावरच छापलं होतं की टोक ओलं ठेवा, ठरावीक पीएचच्या पाण्यात अधूनमधून तपासून घ्या. सरांनी रुमालानं पुसून, खिशात वाळवून आपल्या यंत्राचा जीव घेतला होता, आणि विटाळ मात्र सविताचा.

सर पुन्हा आले नाहीत. सविताला आम्ही बोलावून घेतलं. पण महिना भरून ते दिवस आले तशी ती आपणहून शेडच्या पायरीवर बसली. "नको बाई, रोपं नाजूक असतात. काय झालं तर?"

डोलत्या मानेची बाई तिला कुठल्या तोंडानं व्याख्यान देणार? शेजारी टेकले.

एवढ्यात आतली पंपाची घरघर थांबली.

"अगो बायांनो, पंप बंद पडला! कुणाचं ध्यान हाय का न्हाय?" सविता ओरडतच उठली. गुडघे सावरत मी आत पोचले, तोवर बटण बंद करून पंप चाचपायला तिनं कोपरापर्यंत हात टाकीत घातला होता.